महापौरांच्या डब्याचं झाकण

त्या दिवशी माझी परीक्षा होती. नवऱ्याच्या, म्हणजे गंधारच्या नोकरीमागे मी फोरबर्ग या डच गावात आले, हळूहळू पाहुण्यांना गाव दाखवायला लागले, आणि आता इथल्या छोट्या संग्रहालयात कायमचं काम मिळायची शक्यता होती. संग्रहालयाच्या प्रमुख अनेकेबाईंची अट एकच: अमेरिकेहून येणाऱ्या मार्थाला तिच्या खापरपणजोबांची गोष्ट नीट सांगायची.

हे खापरपणजोबा म्हणजे लेंडर्ट. संग्रहालय आहे त्याच घरात जन्मलेला बेकरचा पोरगा. दीडशे वर्षांपूर्वी जहाजाने अमेरिकेला गेला, बिस्किटांचा कारखाना काढला आणि तिथल्या शहराचा महापौर झाला! वाचून वाचून तो माझ्या अंगातच आला होता. गंधार म्हणायचा, आपल्या घरात हल्ली तीन माणसं राहतात.

मी जीव तोडून सांगत होते आणि मार्थाचे डोळे चमकत होते. तिने फोनवर तिकडच्या पुतळ्याचा फोटो दाखवला. महापौर बसलेले, मांडीवर बिस्किटांचा डबा, हात झाकणावर. सगळ्यांना वाटायला डबा उघडतायत, असं तिने अभिमानाने सांगितलं.

मग कॉफी आली. अनेकेबाईंनी प्रत्येकीला एकेक बिस्किट दिलं आणि डबा बंद केला. इथली रीतच ती. इतकी वर्षं झाली तरी ते झाकण लागलं की माझं डोकं फिरतं. पाहुणी सातासमुद्रापलीकडून आलेली, आणि एक बिस्किट? माझा हात गेलाच. दुसऱ्याचा डबा उघडून मी मार्थाला आग्रह केला, "घ्या हो, एकाने काय होतंय!"

अनेकेबाईंनी कप खाली ठेवला. मग फोटोकडे बघत शांतपणे म्हणाल्या, "ते डबा उघडत नाहीत. बंद करतायत."

मार्थाचा चेहरा पडला. "म्हणजे कंजूष होते?"

संपलं, मला वाटलं. काम गेलं. आणि तेवढ्यात मी मुद्दाम गाळलेली गोष्ट आठवली. माझ्या लाडक्या महापौरांना ती शोभत नाही, असं वाटलं होतं मला. मी उभीच राहिले. आगीत तिथलं अर्धं शहर जळालं, तेव्हा लेंडर्ट स्वतः कारखान्याच्या दारात बिस्किटं वाटायला उभे राहिले. माणशी एकच बिस्किट. पोटचा मुलगा दुसरं मागायला आला, तर त्याच्यासमोर झाकण लावलं. लोकांनी शिव्या घातल्या.

"पण रांगेतल्या शेवटच्या माणसालाही मिळालं," मी म्हणाले.

मार्था रडत हसत होती. तिने तिथूनच भावाला फोन लावला.

अनेकेबाईंनी डबा पुन्हा उघडला आणि माझ्यापुढे धरला. "सोमवारपासून या," त्या म्हणाल्या.

दुसरं बिस्किट! तेही डच बाईच्या हातून! मी ते खाल्लं नाही. गंधारला दाखवायला रुमालात बांधून घरी नेलं.