दुपारी पुसलेले पक्षी

अण्णांच्या कॉम्प्युटरमधून आधी खंड्या गेला. मग तांबट गेला. मग बारवी धरणाच्या काठावर कित्येक हिवाळे चिखलात बसून टिपलेली बदकं एकाच दुपारी थव्याने गेली, आणि अण्णांच्या पायाखालची जमीन सरकली.

फोटो गेले म्हणून काही जगबुडी होत नाही. पण अण्णा म्हणजे साधासुधा माणूस नव्हे. अंबरनाथच्या एका कारखान्यात त्यांनी उभी हयात मशीनं दुरुस्त करण्यात घालवली. निवृत्त झाल्यावर काही लोक देवधर्माला लागतात, काही सोसायटीच्या कमिटीत शिरून शेजाऱ्यांचं जगणं नकोसं करतात. अण्णांनी यातलं काहीच न करता लिनक्स धरलं. लिनक्स म्हणजे विंडोजच्या जागी फुकट चालणारा, पण स्वभावाने जरा शिष्ट असा कारभार. माउसने गोंजारलेलं त्याला फारसं रुचत नाही. काळ्या चौकटीत नेमका हुकूम टाइप केला की मात्र झटक्यात काम करतं. या काळ्या चौकटीला टर्मिनल म्हणतात. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर इथल्या असल्या हौशी मंडळींचा अण्णांनी एक गट जमवला होता. रविवारी कुणाच्या तरी घरी बसायचं, अडलेल्याचं कॉम्प्युटर सोडवायचं, पोहे हाणायचे आणि घरी जायचं.

गटाचे नियमही अण्णांचेच. मदत करणाऱ्याने दुसऱ्याच्या कीबोर्डला बोट लावायचं नाही, हात पाठीमागे बांधून उभं राहायचं. आणि मदत मागणाऱ्याने नुसतं ‘चालत नाही’ म्हणायचं नाही. काय केलं आणि काय झालं ते सरळ सांगायचं. या दुसऱ्या नियमावरून अण्णांनी भल्याभल्यांना तासलं होतं. स्वतःवर वेळ आली तेव्हा मात्र ते तोंडाला कुलूप लावून बसले.

त्याला कारणही तसंच होतं. टर्मिनलला आपल्याला दिलेले हुकूम लक्षात राहतात. अण्णांनी चोर शोधायला ते मागचे हुकूम पाहिले, तर पुसापुशीचे सगळे हुकूम तिथे शिस्तीत उभे होते आणि प्रत्येकावर नाव अण्णांचंच होतं. बरं, नाव एक वेळ कुणीही वापरील, पण पद्धतसुद्धा त्यांचीच होती. आधी फोल्डरमध्ये काय आहे ते पाहायचं, मग पुसायचं, मग खरंच पुसलं गेलं का ते पुन्हा पाहायचं. इतकं जपून पुसणारा दुसरा माणूस अण्णांना या पंचक्रोशीत माहीत नव्हता.

आणि वेळ दुपारची. म्हणजे अण्णा जेवून आडवे होतात तेव्हाची.

मग आपण झोपेत उठतो की काय? अण्णांनी आरशात स्वतःकडे संशयाने पाहिलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी कॉम्प्युटरच्या खोलीच्या दाराशी खुर्ची आडवी लावली आणि तिच्यावर रव्याचा स्टीलचा डबा अगदी काठावर ठेवला. झोपेतला अण्णा आला की डबा पडणार आणि जागा अण्णा त्याला रंगेहाथ पकडणार, असा बेत. अण्णा उठले तेव्हा डबा जागच्या जागी होता. आत सुभग पक्ष्यांचं अख्खं फोल्डर नव्हतं. खुर्ची सरकवून, आत जाऊन, पक्षी पुसून, बाहेर येऊन, डबा पुन्हा तसाच काठावर ठेवण्याइतका हुशार असलेला झोपेतला अण्णा त्यांना जाग्या अण्णापेक्षा वरचढ वाटायला लागला.

हे सगळं हसण्यावारी नेलं असतं, पण नागपूरला राजसी होती. राजसी म्हणजे त्यांची एकुलती एक मुलगी. आई गेल्यापासून ती ‘बाबा, इकडे या’ म्हणून मागे लागलेली, आणि दिवाळीत अण्णांनी एकच किस्सा जेवताना आणि पुन्हा झोपताना सांगितला तेव्हापासून तर जास्तच. त्या वेळी अण्णांनी तिला शब्द दिला होता: डोकं दगा देतंय असं वाटलं तर मी स्वतः फोन करीन, तुला विचारावं लागणार नाही. सुभग पक्षी गेले त्या संध्याकाळी अण्णांनी फोन केला. “ये आणि घेऊन जा,” एवढंच म्हणाले. राजसी फोनवरच रडली. बुधवारी ती येणार होती. घर बंद होणार होतं, गट सुटणार होता, आणि मधला रविवार अण्णांच्याच घरी ठरलेला होता. कुणाला काही न सांगता पोहे खिलवायचे आणि निघायचं, असं अण्णांनी मनाशी पक्कं केलं. मनाचा भरवसा उरला नव्हता, म्हणून दोनदा पक्कं केलं.

रविवारी पहिला आला अवधूत. उल्हासनगरच्या बाजारात त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. तिथे दिवसभर सिंधी दुकानदारांशी हुज्जत घालून त्याची भाषा अर्धी हिंदी झालेली.

“क्या बॉस, चेहरा का उतरलाय? बीपी वाढवून घेतलंय का?”

“झोप झाली नाही,” अण्णा म्हणाले. ते खोटं होतं. आपली झोप जरा जास्तच कर्तबगार झाली आहे, हे सांगणार कसं?

मग कुंदाताई आल्या. बदलापूर गावात त्यांची रोपवाटिका आहे. त्यांचा लॅपटॉप म्हातारा होऊन बसला होता, तेव्हा पावसाळ्यात अण्णांनी त्यावर लिनक्स चढवून दिलं. सगळं नव्याने भरायचा कंटाळा, म्हणून स्वतःच्या कॉम्प्युटरची जशीच्या तशी नक्कल त्यात उतरवली आणि सांगितलं, “माझं काहीबाही आत दिसेल, ते बिनधास्त पुसून टाका. तेवढाच सरावही होईल.” कुंदाताईंनी शिकायचं मनावर घेतलं. अण्णा सांगतील ते त्या अक्षरशः गिरवत. गटात एवढी गुणी विद्यार्थिनी दुसरी नव्हती.

आज मात्र त्यांनी पिशवी ठेवली ती आदळलीच. “अण्णा, माझ्या लॅपटॉपला कुणीतरी करणी केलीय!”

“कुंदाताई, नियम,” अण्णा सवयीने बोलले. “काय केलंत आणि काय झालं?”

“पक्षी पुसले. आणि ते परत आले.”

अण्णांच्या हातातला पोह्यांचा झारा तसाच राहिला. यांना कसं कळलं? राजसीने फोन केला? पण राजसीला तरी पक्ष्यांचं कुठे सांगितलं होतं? आणि पक्षी परत आले म्हणजे काय? त्यांचे तर गेले होते. काहीतरी एकाला एक जुळत होतं आणि काय जुळतंय ते हाताला लागत नव्हतं. हेही त्या दुखण्याचंच लक्षण असावं, असं त्यांना वाटलं आणि ते पुन्हा पोहे परतायला लागले.

“म्हणजे बघा,” कुंदाताई अवधूतला समजावू लागल्या, “दुपारी गिऱ्हाईक नसतं तेव्हा मी सरावाला बसते. अण्णांचे पक्षी त्या काळ्या चौकटीत पुसते. गेले का बघते, तर गेलेले असतात. मग माउसने फोल्डर उघडते, तर सगळे आपले फांदीवर बसलेले! बदकं तर मी एका दुपारी झाडून सगळी पुसली, तरी सगळी तिथेच! मला त्यांची भीती वाटायला लागलीय.”

“डिस्क गेली असणार काकू,” अवधूत पोहे खात म्हणाला. “पुराना माल आहे. लिहिलेलं टिकत नाही तिच्यावर.”

“मग माझ्या रोपांचे फोटो कसे टिकतात?”

अवधूत घास चावायचा थांबला. “अरे हां. ते कसे टिकतात?”

शेवटी त्याने कुंदाताईंना करून दाखवायला सांगितलं. कुंदाताई लॅपटॉप घेऊन बसल्या. त्यांच्या एका बाजूला अवधूत आणि दुसऱ्या बाजूला अण्णा, दोघंही नियमाप्रमाणे हात पाठीमागे बांधून. कुंदाताईंनी टर्मिनल उघडलं, फोल्डरमध्ये काय आहे ते पाहिलं, टिटवी पुसली, आणि पुसली गेली का ते पुन्हा पाहिलं. टिटवी नव्हती. मग माउसने तेच फोल्डर उघडलं. टिटवी होती.

“आईशप्पथ,” अवधूत म्हणाला.

अण्णा मात्र टिटवीकडे बघतच नव्हते. आधी पाहायचं, मग पुसायचं, मग पुन्हा पाहायचं: हे त्यांनी कुठेतरी नुकतंच वाचलं होतं. ते आतल्या खोलीत गेले. टेबलावरचं त्यांचं स्वतःचं कॉम्प्युटर चालूच होतं, अण्णा ते कधी बंद करत नसत. पक्ष्यांचं फोल्डर उघडलं. सकाळी तिथे टिटवी होती. आता नव्हती.

पहिला विचार आला तो जुन्याच वाटेने आला: पुन्हा पुसली मी. मग अण्णांनी आपल्या हातांकडे पाहिलं. हे हात आत्तापर्यंत पाठीमागे बांधलेले होते, आणि बाजूला अवधूत साक्षीला उभा होता.

“कुंदाताई,” त्यांनी आतून हाक मारली. “वेडा राघू पुसा.”

“पुसते हं. पुसला!”

अण्णांच्या डोळ्यांदेखत, पडद्यावर तारेवर बसलेला वेडा राघू नाहीसा झाला.

अण्णांनी अवधूतला हाक मारली. अवधूत धावत आला, पडदा पाहून परत बाहेर कुंदाताईंच्या लॅपटॉपकडे पळाला, आणि मग मिनिटभरात त्याला सगळा उलगडा झाला. पावसाळ्यात अण्णांनी घरबसल्या शिकवणी घेता यावी म्हणून कुंदाताईंच्या लॅपटॉपवर एक चित्र ठेवून दिलं होतं. ते दाबलं की काळी चौकट उघडायची, पण ती अण्णांच्या कॉम्प्युटरची. इंटरनेटवरून, थेट अंबरनाथच्या या खोलीत. शिकवणी संपली, चित्र राहिलं. कुंदाताईंना वाटलं, टर्मिनल उघडतात ते असंच.

“पण काकू, चौकटीत कॉम्प्युटरचं नाव लिहिलेलं असतं ना? ते तरी वाचायचं!”

“वाचलं की! ‘बारवी’ लिहिलंय. माझ्या लॅपटॉपचं नाव बारवीच आहे.”

ते खरं होतं. अण्णांनी आपल्या कॉम्प्युटरचं नाव बारवी ठेवलेलं, आणि नक्कल उतरवल्यावर नाव बदलायचं त्यांच्या मनातून निसटलं. दोन घरांना एकच पाटी लावून त्यांनी बिचाऱ्या बाईला मोकळं सोडलं होतं, आणि ती महिनोन्‌महिने भलत्याच घरात शिरून झाडलोट करत होती.

कुंदाताईंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. “म्हणजे मी तुमचे पक्षी… अण्णा, इतकी वर्षं चिखलात बसून काढलेले…”

“आहेत!” अण्णा ओरडले. “सगळे आहेत! तुम्ही माझ्याकडचे पुसलेत. तुमच्याकडचे पुसलेच गेले नाहीत. ते बघा ना, बसलेत सगळे तुमच्या लॅपटॉपवर!”

मग अण्णा जे सुटले ते थांबेचनात. राजसीला केलेला फोन, बुधवार, नागपूर, सगळं त्यांनी सांगून टाकलं. खुर्चीवरचा रव्याचा डबा सांगितला तेव्हा अवधूत जमिनीवर लोळायचाच बाकी होता. कुंदाताई रडता रडता हसत होत्या. अण्णांना अंगावरून मणभर ओझं उतरल्यासारखं वाटत होतं. डोकं शाबूत होतं! स्वतःचं, जुनं, कटकट करणारं डोकं!

“आणि कुंदाताई,” ते डोळे पुसत म्हणाले, “दुपारचं सोडा, सकाळीसुद्धा छळलंत मला. भाजी आणायला जातो, परत येतो तर गीझर चालू, गरम पाण्याचा नळ सोडलेला! बाथरूममध्ये नुसती वाफ. आंघोळ करून बंद केलेला मला चांगला आठवतो. परवा तर शेजारचे धावत आले, दाराखालून पाणी…”

“अण्णा, बस!” अवधूतने पोट धरलं. “गीझर पण लिनक्सवर टाकला काय?”

तो हसला. अण्णाही हसले, सगळ्यांत मोठ्याने हसले. हसता हसता त्यांना जाणवलं की कुंदाताई हसत नाहीत. त्या त्यांच्याकडे बघत होत्या.

“अण्णा,” त्या हळूच म्हणाल्या, “मी फक्त पक्षी पुसले.”

अवधूतने मान खाली घातली आणि लॅपटॉपवरून पक्षी परत आणायच्या कामाला लागला. अण्णांनी सकाळ आठवून पाहिली. गीझर बंद केलेला आठवत होता. बटण बंद केल्याचा आवाजसुद्धा आठवत होता. तो आजचा होता की काल-परवाचा, हे मात्र कितीही ताणलं तरी समजेना.

तेवढ्यात फोन वाजला. राजसी. अण्णा फोन घेऊन गॅलरीत गेले.

“बाबा, बरे आहात ना? आवाज कसला येतोय?”

“गट आलाय. अगं, एक घोळ सापडला. कॉम्प्युटरमधून माझे पक्ष्यांचे फोटो जात होते, म्हणून तुला फोन केला होता. ते मी नव्हतो पुसत. दुसऱ्याच कुणाच्या हातून चुकून पुसले जात होते.”

“खरंच?” तिच्या आवाजात जीव आला. “म्हणजे तुम्ही ठीक आहात? मग बुधवारचं तिकीट रद्द करू का?”

‘कर’ म्हणायला अण्णांनी तोंड उघडलं. आत अवधूत एकेक पक्षी जागेवर आणून बसवत होता आणि कुंदाताई त्यांची नावं वाचत होत्या. नुसतं ‘कर’ म्हटलं असतं तर कुणाला काही कळलं नसतं.

“नको,” अण्णा म्हणाले. “तू ये. गीझरचं सांगायचं राहिलंय तुला.”