डुमना ते ऑकलंड

विनताबाईंच्या घरात तीन दिवस झाडू फिरला नव्हता. ज्या बाईच्या पायरीवर कधी वाळकं पान दिसलं नाही, तिच्या घरात हे म्हणजे आक्रीतच! पण मुलगा अमेय सुट्टी संपवून ऑकलंडला परत गेला होता, आणि गेलेलं माणूस मुक्कामी पोचेपर्यंत मागे केर काढायचा नाही, ही सासूबाईंची शिकवण. नवरा होता तोवर या गोष्टीला हसायचा. आता हसायलाही घरात कोणी नव्हतं.

निघायच्या दिवशी शेजारच्या समिधाच्या मोबाइलवर बाईंनी बघून घेतलं होतं. जबलपूर ते ऑकलंड, बारा हजार किलोमीटर, पंधरा तास. जबलपूरच्या डुमना विमानतळावरून विमान उडालं तसे बाई तास मोजायला बसल्या. पंधरा झाले, वीस झाले, फोन नाही. आपण करावा, तर "पोचलो की मीच करीन" असं तो बजावून गेलेला. आणि खरं सांगायचं तर बाईंना भीती वाटत होती, की आपण करू आणि घंटीच वाजणार नाही.

"माताजी, आज भी झाड़ू नहीं?" कामवाली मुन्नी म्हणाली. "धूल तो देखो!"

"रहने दे. तू बर्तन कर अन् जा."

संध्याकाळी समिधा आली, तिने कपाळावर हात मारला. "काकू, ते मोबाइलवरचं सरळ रेषेतलं असते! इथून सीधी फ्लाइट आहे कुठे? पहिले दिल्ली, मग सिंगापूर, तिथे बसून राहा. डेढ़ दिन तर लागतोच."

"मग पहिलेच काहून नाही सांगितलं, बाई?" बाईंचा जीव भांड्यात पडला. त्या दिवशी त्या दोन घास जेवल्या.

पण दीड दिवसही उलटून गेला. वरण करपलं, देवापुढचं तेल दोनदा संपलं. या पोरांना काय कळणार म्हणा, आईचं पोट काय असतं ते!

तिसऱ्या दिवशी दुपारी व्हिडिओ कॉल आला. अमेय ऑफिसातून घरी आला होता, मागे सून ऋचा भाजी चिरत होती.

"पोचलास रे?" बाईंचा आवाज फाटला.

"अगं, कालच! आल्या आल्या झोपलो, आज सीधा ऑफिस. फोन राहूनच गेला. तू काळजी करून राहिली होती का?"

बाईंना ओरडावंसं वाटलं. पण पोराचा थकलेला चेहरा बघून त्या म्हणाल्या, "छे रे! माझ्या तर लक्षातही नव्हतं."

अमेय मोकळं हसला. "बघ ऋचा, मी म्हटलं नव्हतं? आईला आता सवय झाली. चलो, मग पुढच्या वेळी पोचल्याचा फोन नाही केला तरी चालेल ना, आई?"

नको रे, तेवढा एक करत जा, असं त्यांच्या अगदी ओठांवर आलं.

"हो," विनताबाई म्हणाल्या, "चालेल की."