इनासच्या घरातली नवरी

शुब्रा मोहल्ल्यातल्या चौथ्या मजल्यावरच्या त्या घरात खोकी होती अडतीस. इनास सहा वर्षांची होती तेव्हापासून आईने लेकीच्या लग्नाचं सामान जमवायला घेतलं होतं. टॉवेल, पातेली, चिनी मातीचे संच, किसण्यासुद्धा तीन. पलंगाखाली खोकी, कपाटांवर खोकी, बाल्कनीत खोकी. आई गेल्या वर्षी वारली, इनासला चव्वेचाळीस वर्षं पूर्ण झाली, तरी खोकी जागची हलली नाहीत. टाकवत नाहीत आणि बघवतही नाहीत, अशी गत.

शेवटी तिने उस्ता शाबानला बोलावलं. मोहल्ल्यातला जुना, नावाजलेला सुतार, म्हणून सगळे त्याला उस्ता, म्हणजे उस्ताद कारागीर, म्हणायचे.

"हे सगळं भिंतीत जाऊ दे," ती म्हणाली. "घरात आल्यावर डोकं शांत राहिलं पाहिजे."

उस्ता खोकी बघून तोंडभर हसला. "लेकीचं लग्न काढलंत वाटतं, बाई? आणि हे लपवायचं? अहो, नवरीचं सामान चार बायकांना बोलावून दाखवायचं असतं."

इथेच घोळ झाला. नाही म्हणायला एक शब्द पुरला असता. पण या घरात कित्येक महिन्यांत कुणी हसून बोललं नव्हतं. इनास म्हणाली, "हो, लेकीचंच. नर्स आहे, रात्रपाळी असते. दिवसा आतल्या खोलीत झोपते."

"मग ठोकठोक बेतानेच करतो," उस्ता म्हणाला.

महिनाभर काम चाललं. एक अख्खी भिंत कपाटांची झाली, पण बघणाऱ्याला कळू नये अशी. खिडकीखालच्या बैठकीच्या पोटात पातेली गेली. मधे मधे चहा व्हायचा, भरपूर साखरेचा.

"जावई कसा आहे, नवरीच्या आई?"

"अलेक्झांड्रियाचा आहे. कमी बोलतो."

"नशीबवान लेक. आमची बायको म्हणते, तुमच्या जिभेवर एकदा रंधा फिरवा."

इनास खळखळून हसायची. आपण खोटं बोलतोय याची लाज वाटायची, नाही असं नाही. पण सकाळी आठला घंटा वाजली की आनंद त्या लाजेहून मोठा असायचा. हे असंच चालू राहावं, एवढंच तिला हवं होतं, म्हणून आतल्या खोलीचं काम ती रोज पुढे ढकलत होती.

शेवटच्या दिवशी उस्ता कहकचा, साखर भुरभुरलेल्या सणाच्या बिस्किटांचा, डबा घेऊन आला. "बायकोने स्वतः भाजलेत. नवरीच्या हातातच द्या म्हणालीय. आता उठवा तिला. पलंगाखालचे खण तेवढे राहिलेत आणि उद्यापासून मी दुसरीकडे आहे."

"उद्याच करू ना."

"उद्या नाही जमायचं, बाई."

आता पळवाट राहिली नव्हती. तिने आतलं दार उघडलं. पलंगावरच्या चादरीला सुरकुतीही नव्हती.

"आत कुणी नाही, उस्ता. मला लेक नाही. माझं लग्नच झालं नाही. ते सामान माझं आहे."

तो रागावेल, या तयारीने ती उभी होती. तो रागावला नाही. डबा त्याने हळूच टेबलावर ठेवला, जाऊन बाहेरचं दार सताड उघडलं आणि ते लागू नये म्हणून खाली लाकडाचा तुकडा सारला. जिन्यातून येणाऱ्या-जाणाऱ्याला आतलं सगळं दिसू लागलं. त्याचं चुकलं असं कोण म्हणेल? एकट्या बाईच्या घरात भला माणूस असंच करतो. इनासला मात्र कुणी थोबाडीत मारल्यासारखं झालं.

तासाभरात खण बसले. उस्ता चहाला शिवलासुद्धा नाही. हत्यारांची पिशवी उचलून तो खालमानेने बाहेर पडला.

इनास जिन्यात आली. "उस्ता, एक कपाट जरा अडकतंय. बघून जाल का?"

अडकत काहीच नव्हतं.

"आता एकट्याने नाही येता यायचं," तो खालूनच म्हणाला. "बायकोला घेऊन येईन कधीतरी."

कधीतरी म्हणजे केव्हा, हे विचारायला ती कठड्यावरून वाकली, तोवर इमारतीचा खालचा दरवाजा लागला होता.