बिनबोलावलेली वरात

गीताचं पान काढा, असा महेंद्रचा फोन आला तेव्हा मी तांदूळ निवडत होते. महेंद्र तिचा धाकटा दीर, पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत. गीताचा नवरा भरवेलीच्या खाणीत होता, आजारानं गेला. समाजातल्या विधवा आणि फारकत झालेल्या बायांना पुन्हा लग्न जमवता यावं म्हणून मी एक वेबसाइट काढली होती. बालाघाटातल्या घराच्या समोरच्या खोलीत बसून, चुकतमाकत शिकून. गीतानं स्वतः सांगून आपलं नाव तिच्यावर चढवलं. लांजीचे एक मास्तर रविवारी ते पान आपल्या आईला दाखवणार होते.

"ललिताताई, आमच्या घरची इज्जत काढून राह्यल्या तुम्ही."

"इज्जत कुठं? मी त वय आन शिक्षण टाकलं."

"काढत नसान त साइटच बंद पाडतो."

"पाडा. मी तवरिक भात टाकते."

भात शिजेपर्यंत साइट पडली.

पाहते तर दारात जगभरचे पाहुणे. ब्राझीलचे, पोलंडचे, कुठकुठचे कॉम्प्युटर, सगळे एकाच वेळी म्हणतात, पान दाखव, पान दाखव. त्यांच्या मालकांना बिचाऱ्यांना पत्ताही नव्हता. कोणीतरी त्या यंत्रांत व्हायरस सोडून ती भाड्यानं देत होतं. खऱ्या माणसाला शिरायला जागाच उरली नाही.

मग आपल्याकडे संकटात करतात तेच मी केलं. सगळ्या नातेवाइकांना फोन लावले. "साइट उघडते का पाहा बरं." गोंदिया, तुमसर, खैरलांजी, सगळ्यांनी मायेनं पाहिलं. उघडली नाही म्हणून पुन्हा पाहिलं. माझ्या मोठ्या जाऊबाईंनी तर सायबर कॅफेत शेजारणी बसवल्या. "भिऊ नको ललिता, आम्ही दाबूनच राह्यलो!" महेंद्रच्या फौजेत माझंच गणगोत भरती झालं. हात जोडून त्यांना सांगावं लागलं, आता दोन दिवस मले विसरा.

ज्यांच्याकडे साइट ठेवली होती त्या इंदूरवाल्यांचा फोन आला. "मैडम, एक पेज के चक्कर में सबकी साइट अटक रही है. वो पेज हटा दीजिए, नहीं तो हम आपकी साइट बंद करेंगे."

गीता शेजारीच बसली होती. "काढून टाका ताई. माह्यापायी तुमचं काहून नुकसान?"

"गप. तांदूळ निवड."

ती निवडू लागली. थोड्या वेळानं आपल्याशीच हसली. "माह्या लग्नात एवढी वरात आलती का बाबांनी मांडवात येऊच नाही देल्ली. जानवशातच, वऱ्हाड उतरवाच्या घरीच, बसवली. गूळपाणी देलं, जे थांबले तेच मांडवात आले. अर्धे त फुकटे होते, गूळपाणी न पेताच पळाले."

मी सूप तिच्या हातातून काढून बाजूला ठेवलं.

मी दुसरीकडे एक लहान यंत्र भाड्यानं घेतलं आणि साइटचा पत्ता तिकडे वळवला. तोच आमचा जानवसा. जो येईल त्याला आधी एक हलकं पान आणि एक चिठ्ठी. माणसाचा ब्राउजर ती चिठ्ठी घेऊन आपोआप परत येतो, मग त्याला आत सोडायचं. भाड्याची गर्दी नुसती ओरडते, चिठ्ठी घ्यायला थांबत नाही. इंदूरच्या यंत्राला नवा आकडी पत्ता मागून घेतला आणि तो जानवशाशिवाय कोणाला कळू दिला नाही, म्हणजे गर्दी थेट मांडवात शिरणार नाही.

दोनदा बिघडलं. एकदा तर मी स्वतःलाच बाहेर ठेवलं. पण रविवारी सकाळी मास्तरांचा फोन आला, "जरा हळू उघडलं, पण आईनं सगळं वाचलं. भेटाले कधी येऊ?"

हल्ला थांबला नव्हता. वरात बाहेर बोंबलतच होती.

दुपारी महेंद्रचा फोन. मी तो गीताच्या हातात दिला. तिनं पदर खोचला.

"हौ भाऊजी, मीच बोलते. पान आहे तिथंच आहे. इतके पाहुणे धाडले म्हणे तुम्ही? अजून धाडा. मास्तर पसंत नाही पडले त त्यातलाच एखादा पाहीन."