जावईबापूंचं रानडुक्कर

आमच्या काउंटीत रानडुक्कर हा एकमेव प्राणी असा आहे की तो सगळ्यांना नकोसा आहे आणि त्याचे पैसे मात्र सगळ्यांना हवे असतात. रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर शेतकरी मक्याचं कसं वाटोळं झालं ते डोळ्यांत पाणी आणून सांगतात. ‘कुणीतरी येऊन मारा रे ती डुकरं,’ म्हणतात. तुम्ही पुढे होऊन ‘मी येतो’ म्हणालात, की पाणी आटतं. ‘या की! एका सकाळचे तीनशे डॉलर. न्याहारी वेगळी.’

मी जन्मापासून टेक्ससच्या याच नदीकाठी राहतो, त्यामुळे मला हे माहीत होतं. माझ्या धाकट्या बहिणीच्या, बर्निसच्या, नवऱ्याला माहीत नव्हतं. तो ह्यूस्टनचा. ग्रेडी प्रूएट. दंतवैद्यांसाठी कवळ्या तयार करतो. फार सज्जन माणूस. बावीस वर्षं आमचा जावई आहे आणि एवढ्या काळात तो कुणाशी एकदाही भांडलेला नाही, त्यामुळे घरात त्याला फारशी किंमत नव्हती.

ऑक्टोबरात एकदा तो माझ्या ओसरीवर येऊन बसला आणि म्हणाला, “एमिलदादा, मला रानडुक्कर मारायचंय.”

“का? काय केलं त्यानं तुझं?”

“काही नाही. सॉसेजसाठी.”

“याआधी कधी काही मारलंयस?”

“एकदा हरणाला गाडीची धडक बसली होती.”

“मेलं?”

“नाही. गाडी गेली.”

सॉसेजसाठी म्हणाला तेव्हाच मी काय ते ओळखलं. जानेवारीतल्या दुसऱ्या शनिवारी आम्ही सगळे कुबेना माझ्या वडिलांच्या, म्हणजे बाबांच्या, कोठारात जमतो आणि वर्षभराचं सॉसेज करतो. प्रत्येक घरानं आपण मारलेलं मांस आणायचं. सगळं एकत्र दळलं जातं. मग बाबा बाह्या सरसावून मीठ, मिरी, लसूण स्वतःच्या हातांनी कालवतात आणि त्यातली चिमूटभर बिडाच्या तव्यावर परततात. ज्यानं मांस आणलं त्यानं एक घास खाऊन मिठाबद्दल बोलायचं. ज्यानं विकतचं आणलं, त्यानं यंत्राचा दांडा फिरवावा, भांडी घासावीत, दुपारी पोटभर जेवावं. मिठाबद्दल मात्र त्याला कुणी विचारत नाही. ग्रेडी बावीस वर्षं दांडा फिरवत होता. त्याचा उजवा दंड डाव्यापेक्षा जाड झालाय.

“पुढच्या वर्षी मार की,” मी म्हणालो.

“पुढच्या वर्षी बाबा कालवणार नाहीत. तेच म्हणाले. हात कापतात म्हणे, पुढच्या वर्षीपासून एमिल कालवेल.” तो थोडा थांबला. “मला बाबांनी कालवलेल्या मिठाबद्दल एकदा बोलायचंय. तू कालवलेल्याबद्दल बोललो काय, न बोललो काय.”

“आभारी आहे,” मी म्हणालो.

मग आमची शोधमोहीम सुरू झाली. पहिल्यांदा आम्ही रस्त्यालगतच्या एका मोठ्या रँचवर गेलो. तिथला मॅनेजर इतका नम्र होता की मला तिथेच धोका कळायला हवा होता. त्याच्याकडे अंधारात दिसणारी दुर्बीण होती, गरम पाण्याची खोली होती, आणि हेलिकॉप्टरमधून शिकार करायचीही सोय होती. ग्रेडीनं हेलिकॉप्टरचा दर विचारला. मॅनेजरनं सांगितला. ग्रेडी म्हणाला, “मला डुक्कर हवंय, हेलिकॉप्टर नकोय.” पुढच्या दोघांनी हेलिकॉप्टर न दाखवताच जवळपास तेवढेच पैसे सांगितले. एकानं तर “नवशिका आहे म्हणून” आणखी शंभर चढवले, कारण म्हणे नवशिके गुरं मारतात.

सरकारी जंगलात वर्षाचा परवाना पन्नासेक डॉलरांत मिळतो, तोही त्यानं काढला. नोव्हेंबरातल्या एका पहाटे आम्ही गेलो. तिथे झाडांपेक्षा नारिंगी जाकिटं जास्त होती. डॅलसच्या एका गृहस्थानं आम्हाला थर्मासमधली कॉफी दिली. सहा वर्षं येत होता.

“डुकरं कुठायत?” ग्रेडीनं विचारलं.

“कुंपणाच्या पलीकडे. अलीकडे मारायची परवानगी आहे हे त्यांना कळलंय.”

“मग तुम्ही का येता?”

“घरी मेहुणी आलीय,” तो म्हणाला आणि परत झाडाआड जाऊन समाधानानं बसला.

शेवटी मीच व्लास्ताकाकूंचं नाव काढलं. व्लास्ता ओर्साक. वय शहात्तर, राहणार एकट्या, नदीच्या वळणावर तीनशे एकर. शिकारीचा एक पैसा त्यांनी कधी घेतलेला नाही. कुणाला आतही सोडलेलं नाही. मी ग्रेडीला बजावलं, “पहिल्या भेटीत पावसावर बोलायचं. दुसऱ्या भेटीत त्यांच्या कैलासवासी नवऱ्याच्या ट्रॅक्टरवर. डुकराचं नाव तिसऱ्या भेटीत. आणि हात हलवत जाऊ नकोस.”

तो हात हलवत गेला नाही. दुकानातून कोलाचे घेऊन गेला. आमच्याकडचे हे जर्दाळू घातलेले गोड पाव व्लास्ताकाकू स्वतः करतात आणि जत्रेत त्यांना त्याचं बक्षीस मिळत आलंय. त्यांच्यासमोर दुकानातला डबा ठेवून ग्रेडीनं तिसऱ्याच मिनिटाला डुकराचं विचारलं. काकू म्हणाल्या, “बघू.” आमच्याकडे याचा अर्थ काय होतो हे त्याला ठाऊक नव्हतं. तो खुशीत परत निघाला आणि निघताना, चांगल्या घरातला माणूस म्हणून, वाटेतलं उघडं फाटक नीट लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझा फोन वाजला.

“एमिल, तो तुझा दातवाला माझी गुरं तहानेनं मारायला निघाला होता.”

“काय झालं, काकू?”

“तळ्याकडचं फाटक लावून गेला. रात्रभर चाळीस गुरं फाटकाशी उभी राहून हंबरत होती. मला वाटलं जगबुडी आली.”

फाटक जसं दिसेल तसं ठेवायचं, उघडं तर उघडं, बंद तर बंद, हे आमच्याकडे पोर चालायला लागायच्या आधी शिकतं. ग्रेडीला मी हे सांगितलं नव्हतं, कारण हे सांगावं लागतं हेच मला माहीत नव्हतं. त्याला फोनवर सगळं सांगितलं. मग तो म्हणाला, “मी येतो.”

शंभरेक मैल गाडी चालवून तो आला आणि थेट काकूंच्या दारात जाऊन उभा राहिला. सबब सांगितली नाही. “चुकलं. मला माहीत नव्हतं, पण विचारायला हवं होतं,” एवढंच म्हणाला. काकूंनी त्याला नखशिखांत न्याहाळलं आणि नदीकडे बोट दाखवलं. वसंतातल्या पुरानं तिकडचं अर्धा मैल कुंपण आडवं केलं होतं.

“खांब ठोकता येतात?”

“नाही.”

“ये शनिवारपासून.”

हा आमच्या काउंटीतला शिकारीचा सगळ्यात स्वस्त दर. सहा शनिवार ग्रेडी ह्यूस्टनहून येऊन काटेरी तार ताणत होता. तिसऱ्या शनिवारी काकूंनी त्याला प्यायच्या पाण्याचा नळ दाखवला. चौथ्याला कॉफी दिली, ओसरीवर. नाताळाच्या आधी स्वयंपाकघरात बसवून कोलाचा दिला आणि तो खात असताना त्याच्याकडे टक लावून बघत राहिल्या. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. तेव्हा म्हणाल्या, “एक सकाळ देते. सॉसेजच्या आदल्या दिवशीची. नदीकाठचं ओटचं शेत. एक डुक्कर. दुसरी गोळी ऐकू आली, तर मी येईन.”

एवढ्या काळात तो माझ्या घरामागे कागदावर नेम धरून गोळ्या झाडत होता. कागद मेला होता यात शंका नाही.

तर त्या शुक्रवारी आम्ही पहाटे साडेपाचला नदीकाठी पोचलो. वारा नदीकडून आमच्याकडे होता. पेकानच्या जुन्या झाडांपुढे पडलेल्या एका ओंडक्यामागे बसलो. समोर शेत होतं असं मला आठवत होतं म्हणून होतं. दिसत होतं ते नुसतं धुकं. गवतावर दहिवर गोठलेलं. बंदुकीच्या नळीला हात लागला तर चटका बसावा अशी थंडी.

आधी आवाज आला. कडाड, कटक, कडाड. कुणीतरी अंगणात बसून घाईघाईनं अक्रोड फोडतंय असा. झाडांखाली पडलेले, अक्रोडासारखे पेकान डुकरं दातांनी फोडत होती. मग डावीकडेही तसाच आवाज. मग मागे. आम्ही त्या आवाजाच्या मधोमध बसलो होतो. ग्रेडीचा श्वास थांबला होता. माझाही थांबलाय हे मला जरा उशिरा कळलं.

उजाडता उजाडता धुकं वर सरकलं आणि खाली पाय दिसले. नुसते पाय. शेकडो पाय हिरव्या ओटमधून चालले होते, वर शरीरंच नव्हती. मग पोटं दिसली, मग पाठी. काळ्या, तांबूस, ठिपक्यांच्या. एक तर सायीसारखी पांढुरकी. सगळ्यांच्या अंगांतून वाफ निघत होती. सगळ्यांत पुढे कान फाटलेली एक म्हातारी डुकरीण होती, छोट्या म्हशीएवढी. ती थांबली की सगळे थांबायचे. तिनं नाक वर केलं की चाळीस नाकं वर व्हायची. पट्टेरी पिल्लांची एक ओळ तिच्या मागून सुईमागून दोरा यावा तशी येत होती. आणि त्यांच्यामागे, जिथून कळप आला होता तिथे, शेत राहिलेलंच नव्हतं. नांगरायला दोन दिवस लागले असते एवढी जमीन त्यांनी अर्ध्या तासात नाकानं उलथून टाकली होती. काळ्या ओल्या मातीचा वास आमच्यापर्यंत येत होता.

मी पन्नास वर्षं डुकरं मारतोय. त्यांना बघितलं की शिवी आणि गोळी, दोन्ही एकदमच सुटतात. त्यांच्याकडे नुसतं बघत मी कधी बसलोच नव्हतो. त्या दिवशी बसावं लागलं, कारण ग्रेडी गोळी झाडत नव्हता.

“मार ना,” मी ओठातल्या ओठात म्हणालो.

“मागे पिल्लू आहे.”

“मग ते दुसरं मार.”

“त्याच्या मागेही आहे. गोळी आरपार गेली तर दोन मरतील. काकू एक म्हणाल्यात.”

टेक्ससच्या इतिहासात डुकरांचा असा हिशोब कुणी केला नसेल. वीस मिनिटं आम्ही तसेच बसून होतो. दोघंही मोजत होतो. त्रेचाळीस भरली. म्हातारी आमच्यापासून दहा पावलांवर येऊन उभी राहिली. तिच्या पापण्यांवर दहिवर होतं. मला तिच्या पोटातली गुरगुर ऐकू येत होती. मला आयुष्यात चर्चमध्ये कधी तसं वाटलं नाही, आणि हे आमच्या फादरना सांगायची माझी तयारी आहे. ती बघत राहिली, आम्ही लाकूड झालो. मग ती वळली आणि कळप तिच्यामागून नदीकडे चालू लागला.

सगळ्यांत शेवटी एक तरणा नर रेंगाळला. एकटाच, आडवा. मागे नुसती माती.

गोळीचा आवाज झाला आणि नर होता तिथेच बसला. त्याच क्षणी बाकीचे सगळे एकदम उधळले. जमीन थडथडली, ओंडक्यातून ती थडथड माझ्या कमरेत आली. नदीच्या पाण्यात काहीतरी प्रचंड कोसळल्यासारखं झालं. मग काहीच नाही. धुकं परत मिटलं.

“मेला का?” ग्रेडीनं विचारलं.

मी जाऊन पाहिलं. “मेला. कळलंही नसेल त्याला.”

“मग मी जरा बसू का इथं?”

तो डुकराशेजारी ओल्या मातीत बसला आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून नदीकडे बघत राहिला. अशा वेळी मला काहीतरी टोमणा सुचतो. त्या दिवशी मी नुसती त्याची बंदूक उचलून रिकामी केली.

इतक्यात व्लास्ताकाकू पिकअप घेऊन आल्या, दुसऱ्या गोळीची वाट न बघताच. खाली उतरून आधी शेत बघितलं, मग डुक्कर.

“किती होते?”

“त्रेचाळीस,” ग्रेडी म्हणाला.

“आणि मारलं किती?”

“एक.”

“त्रेचाळीस समोर आणि एक मारलं? वेडा आहेस का रे?”

“तुम्हीच एक म्हणाला होतात, काकू.”

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. ‘याला कुठून आणलास,’ असं त्या नजरेत होतं. मग म्हणाल्या, “पुढच्या शुक्रवारी ये. जमतील तेवढी मार. आणि एमिल, तू उगाच त्याच्याबरोबर येऊन कुजबुजू नकोस.”

शनिवारी ग्रेडीनं मांस कोठारात आणून टेबलावर ठेवलं. माझ्या चुलतभावानं यंत्राचा दांडा आपल्याकडे ओढून घेतला. बाबांनी बाह्या सरसावल्या. चौऱ्याऐंशी वर्षांचे हात कोपरापर्यंत मांसात गेले. तवा तापला, चिमूट परतली गेली, बशी फिरली.

“बरोबर आहे,” मी म्हणालो.

“बरोबर,” चुलतभाऊ म्हणाला. “बरोबर,” त्याचा मुलगा म्हणाला.

बशी ग्रेडीकडे आली. त्यानं घास तोंडात घातला, डोळे मिटले, खूप वेळ चावला. बावीस वर्षं थांबलेला माणूस घाई कशाला करील?

“बाबा,” तो म्हणाला, “मीठ कमी आहे.”

बर्निसनं टेबलाखालून त्याच्या पायावर पाय दिला.

“पाय का देतेस? कमी आहे.”

मीठ कमी होतं. गेल्या वर्षीही कमी होतं, त्याच्या आदल्या वर्षीही. आम्हा सगळ्यांना माहीत होतं. आम्ही घरी नेऊन गुपचूप वरून मीठ लावून खात होतो. बाबांना असं कुणी सांगत नाही, हे आमच्यापैकी कुणीच ग्रेडीला शिकवलं नव्हतं.

“किती कमी आहे?” बाबांनी विचारलं.

“मूठभर तरी.”

बाबांनी हात बाहेर काढले आणि आम्हा सगळ्यांकडे एकेक करून पाहिलं. “तीन वर्षं झाली, माझ्या जिभेला चव लागत नाही,” ते म्हणाले. “दर वर्षी मी तुमच्या तोंडाकडे बघायचो. तुम्ही ‘बरोबर’ म्हणायचात. मला वाटायचं, जीभ गेली तरी हाताला अजून येतंय.”

मी खाली बघितलं. सगळेच खाली बघत होते.

बाबांनी मिठाची बरणी कोपरानं ढकलत ग्रेडीपुढे आणली. “टाक तू. हळूहळू. मी कालवतो.”

ग्रेडीनं मूठ भरली आणि मीठ पेरू लागला. बाबांचे हात खालून वर, वरून खाली फिरत राहिले, अजिबात न कापता. मग पुन्हा तवा ठेवला, पुन्हा चिमूट टाकली. या वेळी बशी कुणाकडे फिरली नाही. ती ग्रेडीपुढे ठेवून आम्ही अकरा कुबेना उभे राहून त्याच्या जबड्याकडे बघत होतो, आणि तो सावकाश चावत होता.