छप्पनचे सात

काळूतात्या पहाटे गेले. त्यांचा एकुलता मुलगा रत्नदीप कुवेतला वेल्डर. निरोप मिळताच त्याने आमच्या वैशाखरे गावच्या नाक्यावरच्या पीसीओवर फोन केला आणि एकच गोष्ट मागितली.

"शेट पासपोर्ट देत नाय, मला येता येत नाय. पन तात्याचं तोंड बघितल्याबिगर आग लावू नका. सायबरमधून व्हिडिओ धाडा. मी इथं बसून ऱ्हातो. बघितला का फोन करतो, मंग उचला."

लक्ष्मीकाकीने डोळे पुसले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "रत्न्या बघंल, मंगच." विषय संपला.

मी रत्नदीपचा चुलतभाऊ. मुरबाडच्या स्टुडिओवाल्याने येऊन डिजिटल कॅमेऱ्यात तात्यांना घेतलं. पांढऱ्या कपड्यातले तात्या, उशाशी मेणबत्त्या, बाजूला रडणारी माणसं. त्याच्याच मोटरसायकलवर मागे बसून मी मुरबाडला गेलो, बंटीच्या सायबरमध्ये. भिंतीवर बोर्ड होता, 'सुपरफास्ट ५६ केबी'. साल दोन हजार पाच.

बंटीने फाइल बघितली आणि खुर्चीत मागे रेलला. "टेन्शन नको घेऊस. पाच एमबी म्हंजे पाच हजार केबी. आपली लाइन सेकंदाला छप्पन केबीची. भाग दे." कॅल्क्युलेटर माझ्यापुढे नाचवला. "दीड मिनिट. दोन धर. गावाला काय सांगायचं ते आत्ताच सांग. नेट लागलं का फोन बंद, एकच वायर हाय."

पीसीओवर रत्नदीपची बहीण मेघा बसून होती. तिला फोन लावून सांगितलं, "दोन मिन्टात जातोय गो. मेलमध्ये सायबरचा नंबर टाकलाय. मंग रत्ना इथं फोन करंल, मी तुला कळवतो."

नेट लागलं. पडद्यावर एक रिकामी पट्टी आली, ती हिरवी होत जाणार होती. दोन मिनिटं झाली. हिरवं नखाएवढं.

"बंटी, दोन मिन्टं झाली."

"सर्व्हर स्लो असंल."

"कंचा सर्व्हर?"

"तिकडचा. कुवेतला उन्हाने वायर तापली असंल, मला काय म्हाईत!"

मी दहावी नापास. पण भागाकार मला येतो. बिलाच्या पाठीवर परत मांडला. उत्तर तेच. कॅल्क्युलेटर बरोबर, बोर्ड बरोबर, फाइल बरोबर. मग चुकतंय काय? पट्टी निम्म्यावर आली आणि लाइन तुटली. बंटीने लगेच परत जोडली, पट्टी पहिल्यापासून. आता गावाला कळवायचं तर नेट तोडायला हवं, आणि तोडलं तर पुन्हा नखापासून सुरुवात. बंटी विचारतो, तोडू का? मी म्हणतो तोड. मग म्हणतो नको. माझं डोकं चालेना. बसून राहिलो.

तिकडे काय झालं ते मला नंतर कळलं. मेघाने सायबरचा नंबर लावला, एंगेज. परत लावला, एंगेज. आमच्याकडे विधी सांगणारे धर्माबाबा तिच्या मागेच उभे होते.

"काय म्हनतो?"

"बिझी हाय, बाबा. बोलतायत."

"कोनाशी?"

"रत्नाशी, आनखी कोनाशी!"

"बोलतोय म्हंजे बघितलं त्याने. चला मंग. ऊन बघा, मानूस कधीचा ठेवलाय बघा."

घरी काकीसुद्धा म्हणाली, "रडत असंल पोरगा. म्हनून लांबलं." आणि तात्यांना उचललं.

इकडे कधीतरी पट्टी भरली. बंटीने नेट काढलं. थोड्या वेळाने फोन वाजला.

"बघितलं रे." रत्नदीपचा आवाज घोगरा. "मिशी कुनी कोरली रे तात्याची? चांगली कोरलीय. उचला आता. आयेला सांग, उचला."

मी लगेच पीसीओ लावला. पीसीओवाला म्हणाला, "कोन नाय हितं. सगळी नदीवर. कवाची गेली. धूर दिसतोय."

मी फोन ठेवला. बंटी कीबोर्ड बडवत होता. त्याने एक साइट उघडली होती, दोन चौकोन होते. एकात छप्पन टाकले, दुसऱ्यात सात आले.

"सात कसले?"

"लाइन किलोबिटात मोजतात, फाइल किलोबाइटात. आठ बिट म्हंजे एक बाइट. आपली लाइन खरी सातची."

"मंग बोर्डावर छप्पन का?"

"कंपनीच्या कागदावर तेच व्हतं. कंप्युटरच्या क्लासमध्ये पन कोनी नाय सांगितलं."

"फी घेतली का क्लासवाल्याने?"

"पुरी घेतली."

मी दोन मिनिटांना आठाने गुणलं. तरी जेवढा वेळ गेला तेवढा होईना. बंटी म्हणाला, धाडायचा वेग आणखी कमी असतो. मग तो कुठल्या बोर्डावर लिहिलाय? आमच्याकडचा व्यापारी भात घेताना पायलीचं माप शिगोशीग भरतो आणि विकताना वरून हात फिरवून सपाट करतो. त्याला आम्ही तोंडावर चोर म्हणतो. इथे कोणाला म्हणायचं? बंटीला? त्यालाही सपाट पायलीच मिळालेली.

नदीवर पोचलो तेव्हा आग बसत आली होती. काकी दगडावर बसलेली.

"बघितलं ना रे त्याने?"

"बघितलं."

"आधी ना?"

खोटं मला जमत नाही. "नाय काकी. आग आधी." आणि मी तिला बिट, बाइट, छप्पनचे सात, सगळं सांगत सुटलो. आठाने गुणायचं राहिलं म्हणून झालं, असं सांगितलं. तिला काय कळलं ते मला आजही माहीत नाही. मला तरी कुठे सगळं कळलंय!

पुढच्या शुक्रवारी, त्याच्या सुट्टीच्या दिवशी, रत्नदीपचा फोन आला. काकी पीसीओच्या स्टुलावर, मी दारात. त्याचा आवाज मलाही ऐकू येत होता.

"आये, थांबलात ना माज्यासाठी?"

काकीने माझ्याकडे बघितलं. मग भिंतीकडे.

"थांबलो रे. तुजा फोन आला, मंगच त्यांना उचललं."

पलीकडे तो बराच वेळ रडला. मग म्हणाला, "बरं झालं." तिने फोन ठेवला, पदर सारखा केला आणि माझ्यावर खेकसली,

"तू काय त्वांड करून उबा हायेस? त्याला आठाने गुनायला सांगू?"