मंत्रीणबाईंच्या पायाखालचा बुटक्या

इकडे, इकडे. खाली बघा. मी बुटक्या बोलतोय. पाय ठेवायचं लाकडी स्टूल. उंचीला वीतभर, अंगाने आडवा आणि एका पायाने किंचित लंगडा. हसू नका. तुमच्या घरातल्या कुठल्या फर्निचरने परदेशवारी केलीय ते आधी सांगा, मग हसा.

माझा जन्म परराष्ट्र खात्याच्या तळघरात झाला, एका मोडक्या कपाटाच्या दारापासून. त्याचं असं झालं, खात्याला पहिल्यांदाच बाई मंत्री मिळाल्या. आधीच्या मंत्र्यांची खुर्ची म्हणजे नुसतं सिंहासन. बाई तिच्यात बसल्या आणि त्यांचे पाय हवेत लोंबायला लागले. सेक्रेटरी म्हणजे ताडमाड माणूस, पाठीमागे सगळे त्याला 'खांब' म्हणायचे. तो म्हणाला, खुर्चीचे पाय कापून टाकू. सुतारकाकांना बोलावलं. काकांनी खुर्ची बघितली, टेबल बघितलं, बाईंना बघितलं.

"कापतो की," ते म्हणाले. "पण मग बाईंची हनुवटी टेबलाला लागेल. सह्या काय नाकाने करणार?"

खांबाचं तोंड एवढंसं झालं. बाई मात्र खो खो हसल्या. मंत्री झाल्यापासून पहिल्यांदाच हसल्या म्हणे. हे काकांनीच मला रंधा मारता मारता सांगितलं. घाईघाईत माझा एक पाय नखभर आखूड राहिला. काका म्हणाले, राहू दे, चारचौघांत उठून दिसेल. टेबलाखाली कप्पाळ उठून दिसणार!

तेव्हापासून बाई जिथे, तिथे मी. विमानात बाईंच्या पेटीशेजारी माझी पेटी. मोठमोठ्या हॉलमध्ये वर झेंडे, फुलं, माइक, आणि खाली मी. वरचं जग तुम्ही टीव्हीवर बघता. खालचं मी बघितलंय. वर 'आपली मैत्री फार जुनी' चाललेलं असतं आणि खाली साहेबांचा गुडघा शिलाई मशीनसारखा हलत असतो. एका बड्या देशाच्या मंत्र्याच्या मोज्याला भोक होतं, त्यातून अंगठा सगळ्या परिषदेवर नजर ठेवून होता. देशाचं नाव सांगणार नाही. गुप्तता आम्हालाही पाळावी लागते.

बाई बसल्या की हळूच बूट काढायच्या आणि पाय माझ्यावर ठेवायच्या. मग मला सगळं कळायचं. समोरचा थापा मारायला लागला की बाईंचा उजवा अंगठा माझ्यात रुतायचा. वर आवाज मात्र कसा, तर दुधावरची साय. एकदा एका बेटावरून बोलणी चालली होती. समोरचे साहेब म्हणाले, बाईंना नकाशातलं कळायला जड जाईल, आम्ही सोपं करून सांगतो. अंगठा असा दाबला, मला वाटलं आता आरपार जातो.

"सांगा ना," बाई वरून म्हणाल्या. "मला काही घाई नाही."

आणि मग त्यांनी एकेक प्रश्न असा विचारला की जेवायची सुट्टी होईपर्यंत साहेब स्वतःच्याच नकाशात हरवले. बेट आमचंच राहिलं. मी मनात म्हटलं, बुटक्या लेका, कुणाचे पाय डोक्यावर घेतलेत बघ जरा.

असे किती करार झाले. कुठे लढाई थांबली, कुठे बंद पडलेला रस्ता उघडला. वर टाळ्या वाजायच्या आणि खाली बाई चाचपडत बूट शोधायच्या. लाकडाच्या अंगावर काटा येत नाही म्हणतात. माझ्या आलाय.

मग होडीवाल्यांची भानगड झाली. आमचे काही मच्छीमार वादळात भरकटून शेजारच्या देशाच्या पाण्यात गेले. त्या लोकांनी धरून तुरुंगात टाकले. वर्ष उलटलं तरी सोडेनात. त्यातल्या एकाची बायको रोज खात्याच्या दारात येऊन बसायची. घोषणा नाही, रडारड नाही, नुसती बसायची. बाईंनी तिला आत बोलावलं, समोर बसवलं. चहा तसाच राहिला.

"लोक म्हणतात, आता तो आल्यावरच खरं," ती म्हणाली. "मला एवढंच सांगा, वाट बघू की नको?"

बाईंचे पाय माझ्यावर होते. ते गार पडले.

"बघ," बाई म्हणाल्या. "मी आणते."

मंत्री लोक असं बोलत नाहीत. 'प्रयत्न सुरू आहेत' म्हणतात. ती गेल्यावर खांब म्हणाला, "मॅडम, शब्द द्यायला नको होता."

शेजारच्या देशाचे मंत्री म्हणजे दांडगा म्हातारा, ओठ झाकणाऱ्या पांढऱ्या मिशा आणि आवाज ढगासारखा. आमची माणसं त्यांना 'मिशा'च म्हणायची. बोलणी त्यांच्याच राजधानीत होती. हद्द, बंदरं, मालाची ने-आण, सगळं सुरळीत चालायचं. होडीवाले शेवटी ठेवलेले. तो विषय निघाला की मिशा उठून उभे. "आज एवढंच." दुभाषी ताई ते आमच्या भाषेत सांगेपर्यंत म्हातारा दाराबाहेर. रोज हेच.

आमच्या लोकांनी डोकी फोडून घेतली. खांब म्हणाला, त्यांना वरून हुकूम असणार. एक तज्ज्ञ म्हणाले, निवडणूक तोंडावर आलीय, ताठ दिसायचंय. दुसऱ्या तज्ज्ञांनी तर हे 'उभं राहण्याचं धोरण' आहे असं ठरवून त्यावर तासभर भाषण झोडलं. शेवटी घरून पंतप्रधानांचा निरोप आला, उद्या जमलं नाही तर परत या, पुढचं पुढे बघू. हे 'पुढे' कधी उगवत नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

मला खरं कारण ठाऊक होतं, पण स्टुलाला विचारतो कोण? मिशांचा डावा पाय सुजून भोपळा झाला होता. ते बूट सैल करायचे, पाय इकडे टाक, तिकडे टाक, घोटा चोळ. होडीवाल्यांपर्यंत गाडी येईतो कळ डोक्यात गेलेली असायची. आता परक्या देशाच्या माणसांसमोर एवढा मोठा मंत्री 'पाय ठणकतोय हो' म्हणणार कसा? म्हणून 'आज एवढंच'.

दुसऱ्या दिवशी बाईंनी पाय ठेवले आणि मी डुगडुगलो. सवयच माझी. मला सरळ करायला त्या स्वतः वाकल्या. आणि वाकल्या त्या तशाच राहिल्या. त्यांना भोपळा दिसला होता.

वर आल्या. चेहरा मख्ख. खांब बंदराच्या करांचं काहीतरी वाचत होता, ताई त्याच्या मागोमाग सांगत होती. टेबल अरुंद होतं, नशीब. बाई खुर्चीच्या टोकाला सरकल्या, इतक्या की वरून नुसतं डोकं दिसत असेल. आणि दोन्ही पायांनी मला पुढे ढकललं. सावकाश, आवाज न करता. वर दोन्ही देशांचे झेंडे होते, त्यांच्या बरोबर खालून मी सरहद्द ओलांडली. ना पासपोर्ट, ना शिक्का.

मी मिशांच्या बुटाला टेकलो. म्हातारा दचकला. खाली बघितलं. मग बाईंकडे. बाई कागदात डोकं घालून. मग तो जडशीळ पाय माझ्यावर आला, आणि म्हाताऱ्याने असा श्वास सोडला की समोरचा झेंडा हलला असेल.

होडीवाल्यांचा विषय निघाला. खांबाने आपणहून फाइल मिटायला घेतली. मिशा बसूनच.

"बाई," ते ताईच्या तोंडून म्हणाले, "पाय ठेवायला जागा दिलीत, म्हणून मी कायदा सोडीन असं वाटतं का?"

"नाही," बाई म्हणाल्या. "कळ येत असली की माणसाला ऐकू येत नाही. आता ऐका."

आणि बाई बोलल्या. गयावया नाही, दमदाटी नाही. वादळ कुठून आलं, होड्या कशा फिरल्या, पुढे असं झालं तर दोन्ही देशांनी काय करायचं, सगळं. म्हातारा अडचण काढायचा, बाई ती सोडवायच्या. दुपार सरली. मी या बाजूने बाईंचे पाय बघत होतो. आता टेकायला काही नव्हतं, घोट्यांवर सूज चढली होती, आणि आवाज तोच, साय.

शेवटी मिशा काहीतरी पुटपुटले.

"काय म्हणाले?" खांबाने विचारलं.

"म्हणाले," ताईने सांगितलं, "घेऊन जा तुमची माणसं."

तज्ज्ञांनी बाहेर पत्रकारांना सांगितलं की धोरण बदललं.

सह्या झाल्यावर खांब मला घ्यायला वाकला. बाई म्हणाल्या, राहू दे. तो म्हणाला, मॅडम, सरकारी सामान आहे. बाई म्हणाल्या, "त्यावर पाय आहे. ओढणार आहेस का खालून?" आणि निघाल्या. सुजल्या पायांत बूट शिरेना, तर बूट हातात घेऊन निघाल्या. अख्ख्या दालनातून, दोन्ही देशांच्या देखत.

होडीवाले बंदरावर उतरले ते मी मिशांच्या घरी टीव्हीवर बघितलं. ती बायको दिसली, एकाच्या सदऱ्याची बाही मुठीत धरलेली, सोडायलाच तयार नव्हती. भाषणं झाली, हार झाले. बाई कुठेच नव्हत्या. म्हातारा शेवटपर्यंत शोधत होता. मी शोधलं नाही. एव्हाना त्या दुसऱ्या कुठल्या तरी टेबलाशी जाऊन बसल्या असणार.

आता मिशा निवृत्त आहेत आणि मी त्यांच्याच घरी असतो. इथली भाषा शिकलो. शिव्या आधी आल्या. तुमच्यापैकी कुणी आमच्या खात्यात गेलात, तर तळघरात सुतारकाकांना एवढं सांगा. बाईंना दुसरं स्टूल करून द्या म्हणावं, माझी वाट बघू नका. बुटक्या परदेशात नेमणुकीवर आहे.